हेमंतातले आभाळ आणि शिशिरातल्या गारा

आमची पुतणी गेली काही वर्षे बॉस्टनला असते. मिरजेच्या पूर्वेला, मालगावच्या पुढे, जिथे मे महिन्यात विहिरीचा तळ दिसतो अशा रानात ती वाढली. त्यामुळे बर्फाचे तिला अजून अप्रूप आहे. हिवाळ्यातला पहिला बर्फ पडला की ती छायाचित्र पाठवते, आणि शेवटचा पडला की तक्रार करते. असेच एकदा फोनवर बोलताना तिने सांगितले की तिकडच्या किनाऱ्यावर हिवाळ्याच्या आरंभीचा बर्फ आणि अखेरचा बर्फ या दोन वेगळ्याच गोष्टी आहेत.

"काका, डिसेंबरात बंदराजवळ नुसता पाऊस पडतो, आणि त्याच वेळी वीस-पंचवीस मैल आत गेलं की सगळं पांढरं. फेब्रुवारीत मात्र बंदरावरही गुडघाभर साठतो."

याचे कारण समुद्र. उन्हाळाभर तापलेला समुद्र जमिनीपेक्षा फार सावकाश निवतो. डिसेंबरात त्याच्या अंगात ऊब शिल्लक असते, आणि त्याच्यावरून येणारा वारा किनाऱ्यापाशी बर्फाचे पाणी करून टाकतो. फेब्रुवारीपर्यंत ती ऊब सरते, आणि ईशान्येकडून येणारी वादळे थेट धक्क्यापर्यंत बर्फ टाकतात. २०१४-१५च्या हिवाळ्यात बॉस्टनला ११०.६ इंच बर्फ पडला, तेथील नोंदींतला सर्वाधिक; आणि त्यातला बहुतेक सारा जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून पुढे पडला. आरंभ पाहून त्या वर्षी कोणी हिवाळ्याचा अंदाज बांधला असता तर तो साफ चुकला असता.

"आपल्याकडे असं काही असतं का हो?" तिने विचारले.

आम्ही हसून म्हणालो, "आपल्याकडे कुठला आलाय बर्फ?" पण शेजारी आमचे थोरले बंधू, म्हणजे तिचे वडील, बसले होते. द्राक्षबागेत त्यांची चाळीस वर्षे गेली आहेत. ते म्हणाले, "आहे की. आपल्याकडंबी आधीचा निराळा आन् मागचा निराळा."

प्रस्तुत लेख त्या एका वाक्याचा विस्तार आहे.

मिरज हे काही किनाऱ्यावरचे गाव नव्हे. तरीही अरबी समुद्र येथून सरळ रेषेत दीडशे किलोमीटरच्या आतच आहे. मध्ये सह्याद्री उभा असल्यामुळे तो दूर वाटतो, इतकेच. गगनबावड्याला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तेच ढग आमच्यापर्यंत येतात तेव्हा त्यांच्याजवळ देण्यासारखे फारसे उरलेले नसते. मिरजेचा वर्षभराचा पाऊस सहाशे मिलिमीटरच्या आसपास. तालुक्याच्या पूर्व भागाला तर म्हैसाळ योजनेने कृष्णेचे पाणी वर चढवून दिले नसते तर बागा दूरच, ज्वारीचीही खात्री नव्हती. अशा प्रदेशात पाऊस कोणत्याही महिन्यात आला तरी त्याचे स्वागतच व्हावे, असे बाहेरच्या माणसाला वाटेल. ते खरे नाही. हिवाळ्यात येथे जो पाऊस येतो, त्याची वाट पाहणारा माणूस आम्हांला अद्याप भेटलेला नाही.

या पावसाला आपण सरसकट 'अवकाळी' म्हणतो. वर्तमानपत्रांत, सरकारी कागदांत, पारावरच्या बोलण्यात सर्वत्र हाच शब्द. काळ नसताना आला तो अवकाळी. शब्द अर्थवाही आहे, पण त्याच्यात एक आळस आहे. कार्तिक-मार्गशीर्षातला पाऊस आणि फाल्गुनातली गारपीट या दोहोंना तो एकाच दावणीला बांधतो. गुजरातीत हिवाळी पावसासाठी 'मावठुं' असा स्वतंत्र शब्द तरी आहे. आपल्याकडे अवकाळी म्हटले की डिसेंबरही आला आणि मार्चही. गंमत अशी की आपल्याच परंपरेने थंडीचे दोन भाग पूर्वीच करून ठेवले आहेत. मार्गशीर्ष आणि पौष हा हेमंत. माघ आणि फाल्गुन हा शिशिर. शाळेत सहा ऋतूंची नावे तालावर पाठ केली तेव्हा हे दोन वेगळे का, असा प्रश्न आम्हांला पडला नाही. आम्ही दोघांना मिळून हिवाळा म्हणू लागलो आणि भेद विसरलो. बंधूंनी मात्र तो विसरला नव्हता. त्यांना हेमंत-शिशिर ही नावे आठवत असतील-नसतील, पण भेद ठाऊक होता.

आधी आधीच्या पावसाविषयी.

पावसाळा सरला की अरबी समुद्र ऑक्टोबर-नोव्हेंबरात पुन्हा एकदा तापतो. मे महिन्यानंतरची ही त्याची दुसरी ऊब. बंगालच्या उपसागराचाही हा वादळांचा हंगाम. या दोन्हींपैकी कोठेही कमी दाबाचा पट्टा तयार झाला की शेकडो किलोमीटर दूर असलेल्या आमच्या आकाशावर त्याची किनार पसरते. २००९च्या ११ नोव्हेंबरला 'फयान' वादळ अलिबाग आणि मुंबई यांच्या दरम्यान किनाऱ्याला लागले. २०१९च्या ऑक्टोबरअखेरीस 'क्यार' आणि त्यामागोमाग 'महा' ही वादळे अरबी समुद्रात उठली. त्यांतले 'क्यार' तर आपल्या किनाऱ्याला न लागताच अरबस्तानाच्या दिशेने निघून गेले. पण परतीच्या पावसाला या दोघांची जोड मिळाली आणि दिवाळी ओलीचिंब झाली. २०२१च्या डिसेंबरची पहिली आणि दुसरी तारीख तर निम्मा महाराष्ट्र भिजवून गेली.

हे आभाळ आडवे असते. क्षितिजापासून क्षितिजापर्यंत राखाडी चादर पसरावी तसे ते येते आणि हलत नाही. वीज नाही, गडगडाट नाही. कधी बुरबुर, कधी तासभर सर, पुन्हा बुरबुर. सूर्य तीन-तीन दिवस दिसत नाही. सकाळी धुई आणि पानांवर दहिवर. मिरजेच्या पेठेतल्या माणसाला हा पाऊस फारतर कंटाळवाणा वाटतो. स्वेटरवर छत्री घ्यावी लागते, याचे हसू येते. आम्ही स्वतः गावात राहतो, नोकरी गावात केली, आणि कित्येक वर्षे आमचाही अनुभव तेवढाच होता.

गावातही हे आभाळ ओळखणारे काही लोक आहेत, हे आम्हांला पुढे कळले. सतारमेकर गल्लीत आमचे एक स्नेही आहेत. नोव्हेंबरात असे आभाळ आले की ते पॉलिशचे काम बंद ठेवतात. हवेत ओल असताना लाखेचा हात दिला तर त्यावर पांढुरकी साय धरल्यासारखी दिसते आणि ती काढण्यासाठी सारे पुन्हा खरवडावे लागते. पंढरपूरकडून आलेले भोपळे तेवढे दिवस माळ्यावर तसेच राहतात. "गारा पडल्या तर आमचं काय जातं? फार तर एखादं कौल फुटतं. पण हे आभाळ हाताला कळतं," असे ते म्हणाले. हाताला कळणे हा प्रयोग आम्हांला फार नेमका वाटला.

बंधूंच्याही हाताला ते कळते. द्राक्षवेलीचा आमच्याकडचा क्रम असा: एप्रिलमध्ये खरड छाटणी, म्हणजे काडी तयार करण्यासाठी, आणि पावसाळा ओसरता ओसरता, सप्टेंबर-ऑक्टोबरात, फळछाटणी. छाटणीनंतर आठ-दहा दिवसांत डोळे फुगतात, पोंगा फुटतो आणि त्या पोंग्यातून नखाएवढा घड बाहेर डोकावतो. पुढे दोडा, सुमारे चाळीस दिवसांनी फुलोरा, मग मणी. साऱ्या वर्षाचा निर्णय या पहिल्या पंधरवड्यात होतो. नेमके त्याच वेळी आभाळ आले, ऊन मिळाले नाही, मुळाशी पाणी साचले, तर वेल आपला बेत बदलते. जो घड व्हायचा तो घड होत नाही. त्याची बाळी होते, वेलीला आधाराला लागणारा तो कुरळा तंतू. याला बागाईतदार 'घड जिरणे' म्हणतात. जिरणे! पाणी जमिनीत जिरते, अन्न पोटात जिरते, तसा घड वेलीतच जिरतो. पडत नाही, कुजत नाही, तुटत नाही. आदल्या दिवशी होता आणि आज नाही, असेही म्हणता येत नाही, कारण तो पुरता झालेलाच नव्हता.

जे घड वाचतात त्यांच्यावर मग डाऊनी येतो. फुलोऱ्यात पाऊस सापडला तर गळ आणि कुज. या डाऊनीची हकीकतही समुद्रकिनाऱ्याची आहे. अमेरिकेतून तो फ्रान्समध्ये १८७८च्या सुमारास पोहोचला आणि त्याच्यावर पहिला उतारा सापडला तो बोर्दोच्या परिसरात, अटलांटिकच्या दमट वाऱ्यातल्या बागांत. मोरचूद आणि चुना यांचे ते मिश्रण आजही आमच्या बांधावर निळ्या पिंपात कालवले जाते आणि त्याला बोर्डोच म्हणतात. बोर्दो हे एका गावाचे नाव आहे हे कालवणाऱ्याला ठाऊक असण्याचे कारण नाही.

२०१९च्या दिवाळीत आम्ही रानातल्या घरी गेलो होतो. बंधूंनी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात छाटणी केली होती. घरात फराळाची ताटे होती आणि बंधू ताटावर नव्हते. दोन सरींच्या मधल्या अर्ध्या तासात फवारणी उरकावी म्हणून ते ट्रॅक्टर घेऊन बागेत गेले होते, आणि ट्रॅक्टर ओळीतच रुतला होता. आम्ही चार जणांनी तो ढकलून काढला. तेवढ्यात पुन्हा सर आली आणि नुकतेच मारलेले औषध पानांवरून ओघळून आमच्या डोळ्यांदेखत चिखलात गेले. बंधू काही बोलले नाहीत. त्यांनी एक काडी हातात धरून आम्हांला दाखवली. आम्हांला तिच्यात काहीच दिसले नाही.

"काय दिसतंय?" त्यांनी विचारले.

"पाने फुटलीत."

"तेच की. पानंच फुटलीत."

डिसेंबरात आम्ही पुन्हा गेलो तेव्हा बाग इतकी हिरवी होती की पाहणाऱ्याने वा म्हणावे. फळाचा भार नसल्यामुळे वेलींनी सारा जोर पानांत लावला होता. रस्त्यावरून जाणाऱ्याला ती आसपासच्या बागांहून सरस दिसली असती. बुडालेली बाग इतकी देखणी असते हे आम्हांला त्या दिवशी कळले.

आता मागच्या पावसाविषयी.

फाल्गुनात जमीन तापू लागते. खालून उपसागराकडचा दमट वारा सरकत येतो, वर उत्तरेकडून आलेली कोरडी थंड हवा असते. दुपारी दोन-तीनच्या सुमारास यांची गाठ पडली की ढग उभा वाढतो, कोबीच्या गड्ड्यासारखा, पाहता पाहता काळवंडतो. या ढगाच्या पोटात वर जाणारा वारा इतका जोरकस असतो की पाण्याचा थेंब खाली पडण्याऐवजी वर फेकला जातो, गोठतो, उतरतो, पुन्हा फेकला जातो, आणि त्याच्यावर थर चढत राहतात. वाऱ्याला न पेलेल इतका जड झाला की तो पडतो. गार मधोमध कापली तर तिच्यात कांद्यासारखे पदर दिसतात ते यामुळे. नोव्हेंबरात असे सहसा होत नाही, कारण जमीन निवत चाललेली असते आणि ढगाला उभे राहायला तळातून रेटा मिळत नाही. आधीचे आभाळ आडवे, मागचे उभे. आधीचे तीन दिवस राहते, मागचे पाऊण तासात निघून जाते. आधीचे जिल्हाभर सारखे असते. मागचे एका शिवाराची पट्टी सोलून काढते आणि बांधापलीकडच्या शेतात एक पान फाटत नाही.

बॉस्टनच्या बर्फाला आमच्याकडे जवळचे काही असेल तर ते हेच. बर्फ हा शब्द फारसीतून आला, हिम संस्कृतातून. आपल्या घरचा शब्द गार. तो नामही आहे आणि विशेषणही. लहानपणी गारा आल्या की आम्ही भावंडे डोक्यावर पाटी घेऊन अंगणात धावत असू. वाटीत गारा वेचून त्यांवर साखर घालून खात असू. पत्र्यावर त्यांचा असा काही ताशा वाजे की एकमेकांचे बोलणे ऐकू येत नसे. पाच-दहा मिनिटे अंगण पांढरे होई. आमचे वडील, आबा, ओसरीवरच्या खांबाला टेकून उभे असत. त्या वेळी ते आमच्यावर ओरडत का नाहीत, याचे आम्हांला नवल वाटे. आता वाटत नाही.

गारेने मणी फुटतो. फुटलेल्या मण्यातला रस शेजारच्या मण्यांवर उतरतो आणि दोन दिवसांत घडाला आंबूस वास येतो. काडीला मार बसला तर पुढच्या वर्षाचीही हमी नाही. रॅकवर बेदाणा वाळत असेल तर ओल लागून तो काळा पडतो. आणि ज्या सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे त्याची किंमत रंगावर ठरते. २०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रभर गारपिटीचे सत्र चालले, त्यात आमचीही निम्मी बाग गेली. माल आठवड्याभरात उतरायचा होता. व्यापारी दर ठरवून गेला होता. वर्षभराचा सारा खर्च होऊन चुकला होता. वीस मिनिटांत जमिनीवर चटई अंथरल्यासारखे मणी पडले.

पण त्या वेळी माणसे आली. पाहुणे आले, शेजारी आले, वार्ताहर आले, पंचनामा झाला. फुटके घड हातात घेतलेल्या बंधूंचे छायाचित्र एका वर्तमानपत्रात आले. ते आईने कापून ठेवले होते. काही महिन्यांनी मदतीचा धनादेश आला आणि औषधांच्या उधारीत गेला. पुरला नाही, पण आला.

२०१९ सालीही पंचनामे झाले. झाले नाहीत असे आम्ही म्हणणार नाही. नुकसान किमान ५० टक्के असले पाहिजे ही अट २०१५ साली ३३ टक्क्यांवर आली होती. आमच्या बांधावर जे गृहस्थ आले ते सज्जन होते, तीन रात्री झोपलेले दिसत नव्हते. त्यांनी बागेतून एक फेरी मारली, हिरवी पाने पाहिली आणि विचारले, "नुकसान कुठलं धरायचं?" बंधूंनी काडी दाखवली. त्यांनी ती आमच्याइतक्याच कोऱ्या नजरेने पाहिली. जे पडले ते मोजता येते, जे कुजले तेही मोजता येते. जे आलेच नाही ते कोणत्या रकान्यात लिहावे? टक्केवारी अटीच्या खाली राहिली. आम्ही त्यांना दोष देत नाही. महिन्यापूर्वी आम्हांलाही पानेच दिसली होती.

विम्याचे तत्त्व याहून बरे, असे कोणी म्हणेल. हवामानावर आधारित विम्यात बांधावर येऊन पाहावे लागत नाही. केंद्रावरचे मापकच बोलते. हे खरे आहे आणि त्याचा कित्येकांना उपयोगही झाला आहे. परंतु मापक मिलिमीटर मोजते. आभाळाचे मिलिमीटर होत नाहीत. तीन दिवस ऊन न पडणे, पानावर दहा वाजेपर्यंत दहिवर राहणे, बुरबुरीने माती न सुकणे, यांची बेरीज पर्जन्यमापकात बोटाच्या पेराएवढीही भरत नाही.

आबा आणि बंधू यांच्यात या दोन पावसांवरून जुना वाद होता. आबांच्या मते मागचा वाईट. "आधी गेलं तर आशा तरी ऱ्हाती. डाव मांडलेला असतो, मोडलेला नसतो." बंधू म्हणत, "आशेलाच तर खर्च येतो." दोघांचेही बरोबर होते, असे म्हणून आम्ही पूर्वी सुटका करून घेत असू. आता आम्हांला त्यांच्यातले अंतर दिसते. आबांच्या काळी बागेत फवारे कमी, औषधे मोजकी, मजुरी कमी. आधीचा पाऊस आला तर ते थांबून पाहत. बंधूंच्या काळी थांबणे शक्य उरले नाही. आभाळ आले की दिवसाआड, कधी दिवसातून दोनदा फवारायचे; घड जिरले तरी वेल जगवायची, कारण ती पुढच्या वर्षाची भांडवल आहे. पीक कमी होत जाते तसा खर्च वाढत जातो. गारपिटीत सारे एकदम जाते, पण हिशेबाखाली रेघ ओढता येते. आधीच्या पावसाचा हिशेब मार्चपर्यंत उघडाच राहतो.

आई गेल्यावर तिच्या ट्रंकेत कालनिर्णयच्या जुन्या प्रती सापडल्या. पंचवीस-तीस वर्षांच्या असतील. दूध, सिलिंडर, देणी-घेणी यांच्या नोंदी तर त्यांत होत्याच, पण कित्येक चौकोनांच्या कोपऱ्यात तिने आणखी काही लिहिले होते. आई चौथी शिकलेली. 'आ' म्हणजे आभाळ. 'बु' म्हणजे बुरबुर. गारांसाठी तिने अक्षर वापरले नव्हते. तिथे लहान गोल काढले होते. हे तिने कोणासाठी लिहिले, कोणाला ठाऊक नाही. बंधूंनाही तिने कधी दाखवले नव्हते.

आम्ही दोघे भाऊ एका रविवारी त्या प्रती घेऊन बसलो. गोल तीन वर्षांच्या प्रतींत निघाले. त्या तिन्ही वेळा आम्हांला तोंडपाठ होत्या: कोण कोठे होते, कोणती बैलजोडी होती, काय जेवण झाले होते. 'आ' मात्र मोजता मोजता आम्ही सोडून दिला. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर. असे वर्ष क्वचितच, ज्यात तो नव्हता. आणि त्यांतला एकही दिवस आम्हांला आठवत नव्हता. एका वर्षी कार्तिकात सलग सहा दिवस 'आ' होता. बंधूंनी साल पाहिले आणि बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ह्याच साली बहिणीचं लग्न पुढं ढकललं." घरात आजवर सांगितले जात होते की लग्न मुहूर्त न मिळाल्यामुळे लांबले.

आम्ही साहित्याचे वाचक. वादळ, पूर, दुष्काळ, गारपीट यांचे पाऊस आम्ही कथा-कादंबऱ्यांतून पुष्कळ वाचले आहेत, आणि त्यांत वावगे काही नाही; घडते त्याचीच गोष्ट होते. पण न घडलेल्या गोष्टीची नोंद कोणी ठेवायची, हा प्रश्न त्या ट्रंकेने आमच्यापुढे टाकला. तिथे भाषेचे काम सुरू होते. 'जिरणे' हा शब्द बागेत आहे. तो पंचनाम्यात नाही, बातमीत नाही, आणि आमच्या लेखनातही आजवर नव्हता. अवकाळी या एका शब्दाने आमची जी सोय झाली, तिची किंमत बांधावरच्या माणसाने दिली, असे आम्हांला वाटू लागले आहे. दोन पावसांना दोन नावे असती तर निदान विचारणाऱ्याने दोन प्रश्न विचारले असते.

२०२१च्या डिसेंबरात फुलोऱ्यात पाऊस सापडला, त्यानंतरच्या उन्हाळ्यात बंधूंनी निम्मी बाग काढली. मांडवाच्या तारा गुंडाळून ठेवल्या, अँगल विकले, वेली बुडापासून तोडल्या आणि तिथे ऊस लावला. उसाला आधीचे आभाळ बाधत नाही आणि मागच्या गारा फारशा लागत नाहीत. बागेवर प्लॅस्टिकचे आच्छादन घालण्याचा उपाय आहे, काही जणांनी तो केलाही आहे. पण एकरी काही लाखांचा तो खर्च बंधूंच्या वयाला परवडणारा नव्हता. तेव्हा गावातल्या एकाने पारावर विचारले, "गारपीट न्हाई, काय न्हाई, मग चांगली बाग का काढली?" बंधूंनी उत्तर दिले नाही. विचारणारा स्वतः बागाईतदार नव्हता, एवढेच त्यांनी आम्हांला घरी आल्यावर सांगितले.

उरलेल्या निम्म्या बागेची छाटणी ते अजून दर ऑक्टोबरात करतात. रानातल्या घरी भिंतीवर कालनिर्णय आहे. आई गेल्यापासून त्यात नोंद होत नव्हती. हल्ली बंधू करतात, आणि आम्ही गेलो की आम्ही. त्यांनी एक भर घातली आहे. ज्या दिवशी पोंग्यात घड दिसतो त्या दिवशी चौकोनात ते एक टिंब देतात, आणि पुढे तो जिरला तर त्या टिंबाभोवती काहीच करत नाहीत, फक्त टिंब तसेच राहू देतात. पाहणाऱ्याला ते शाईचा डाग वाटेल.

गेल्या खेपेला पुतणीचा फोन आला तेव्हा तिकडे पहिला बर्फ पडून विरघळून गेला होता. "टिकला नाही, काका. समुद्र अजून गरम आहे," ती म्हणाली. मग तिने विचारले, "इकडे काय?"

बंधूंनी दारातून बाहेर पाहिले. "आभाळ आलंय," ते म्हणाले.

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले, "छाटणी कधी केली होती, बाबा?"

हा प्रश्न आम्हांला त्या काळी कधी सुचला नव्हता.